दोन बस आणि शहाण्णव शहाणे

बिस्किटांच्या कारखान्यात, माल चढवायच्या फलाटावर एकोणीस वर्षं काढली की माणसाचं माणसांविषयीचं मत फारसं चांगलं उरत नाही. डिस्पॅचबाईंचं तर उरलंच नव्हतं. रोज सकाळी सात वाजता हातात पॅड, कानामागे पेन आणि समोर अकरा ट्रक. कुठला ट्रक कुठल्या वळणावर अडेल आणि कुठला ड्रायव्हर पंक्चरचं निमित्त सांगून झाडाखाली ताणून देईल, हे त्यांना तोंडपाठ होतं.

"खोक्यांचं बरं असतं," त्या नवऱ्याला म्हणत. "एकदा ठेवलं की ठेवलं. मला खिडकीजवळ ठेवा, असं म्हणत नाही."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून तो नुसतं "हं" म्हणायचा. संसार त्या "हं"वर व्यवस्थित चालला होता.

त्या वर्षी कॉलनीतल्या शाळेचा मुलींचा बास्केटबॉल संघ अंतिम सामन्यात पोहोचला. सामना शहराच्या मधोमध असलेल्या मोठ्या स्टेडियममध्ये, रविवारी दुपारी चार वाजता. ज्या मुली तीन वर्षं खडबडीत मैदानावर गुडघे फोडून घेत होत्या आणि ज्यांच्या चेंडूच्या आवाजाने झोपमोड होते म्हणून कॉलनीने दोनदा तक्रार केली होती, त्या एका रात्रीत "आपल्या मुली" झाल्या.

कॉलनीच्या चेअरमननी तातडीची सभा बोलावली. संघात पाच मुली खेळतात की अकरा, हे त्यांना माहीत नव्हतं, पण भाषण अर्धा तास झालं. मग विषय निघाला, की जायचं कसं आणि बसची व्यवस्था कोण करणार? इतका वेळ टाळ्या पिटणारी सगळी मंडळी एकदम पंख्याकडे बघायला लागली. पंखा बघून झाल्यावर सगळ्यांनी डिस्पॅचबाईंकडे पाहिलं.

"तुमचं तर रोजचंच काम आहे, ताई," चेअरमन म्हणाले.

"माझं काम बिस्किटांचं आहे," बाई म्हणाल्या. पण पॅड पिशवीतून बाहेर काढलंच. काम दिसलं की हात शिवशिवायचा, ही त्यांची खोडच होती.

यादी झाली शहाण्णव जणांची. आणि शहाण्णव जणांना शहाण्णव अटी. एकीला पुढे बसलं की मळमळायचं, दुसरीला मागे बसलं की. एका गृहस्थांनी विचारलं, "वाटेत फर्निचरच्या दुकानापाशी दहा मिनिटं थांबेल ना? एक कपाट बघायचंय." सामना कोणाशी आहे, हे मात्र एकानेही विचारलं नाही.

बाईंनी नेहमीच्या बसमालकाकडून अठ्ठेचाळीस सीटच्या दोन बस ठरवल्या. स्टेडियमच्या ऑफिसात स्वतः खेटे घातले. मोठ्या गाड्यांना मागच्या फाटकातूनच प्रवेश, त्यालाही बसच्या नंबरासकट पास लागतो. गुरुवारपर्यंत दोन्ही पास हातात आले. रस्ताही त्या स्वतः पाहून आल्या. स्टेडियमच्या अलीकडे रेल्वेचा जुना पूल होता. त्याच्यावर पाटी होती, उंची साडेतीन मीटर. सामन्याच्या दिवशी बाकीचे रस्ते मोठ्या गाड्यांना बंद, म्हणजे पुलाखालूनच जायचं. साध्या बस आरामात जाणार होत्या.

शनिवारी संध्याकाळी चेअरमननी सभागृहात जाहीर केलं, की दुसरी बस त्यांनी बदलली आहे. त्यांच्या मेहुण्याची नवीकोरी गाडी येणार होती. मऊ सीट, टीव्ही, आणि इतकी उंच की आत बसलं की लोकांची डोकीच दिसावीत.

"ती पुलाखालून जाणार नाही," बाई म्हणाल्या.

"जाईल हो. मेहुणा देशभर फिरवतो ती."

"पूल देशभर नाही फिरत. तो जिथल्या तिथेच आहे. आणि पासवर नंबर दुसऱ्या बसचा आहे."

"ताई, तुमची आपली सदा नकारघंटा!" चेअरमन हसले. त्यांच्याबरोबर सभागृहही हसलं. टीव्हीवर काय लावणार, याची चर्चा सुरू झाली.

घरी गेल्यावर बसमालकाचा फोन आला. "बाई, तुमचे चेअरमन एक बस नको म्हणाले. पण मी ती उद्या सकाळपर्यंत तुमच्यासाठी रोखून ठेवू शकतो. ठेवू का?"

बाईंनी पॅडवरच्या यादीवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "नको. राहू दे."

नवऱ्याने भिंग काढून त्यांच्याकडे पाहिलं. "हं"सुद्धा म्हणाला नाही.

मग बाई यादी घेऊन बसल्या. साध्या बसमध्ये त्यांनी खेळणाऱ्या मुलींचे आईबाप, भावंडं, शाळेतल्या शिक्षिका घातल्या. उंच बसमध्ये कपाटवाले, मळमळवाल्या, तक्रारी करणारे, टाळ्या पिटणारे आणि पहिल्या सीटवर चेअरमन. इतक्या मन लावून त्यांनी कधी ट्रकही भरला नव्हता.

रविवारी साधी बस पुढे निघाली आणि बरोबर तीन वाजून वीस मिनिटांनी मागच्या फाटकाशी लागली. मंडळी उतरून आत गेली. बाई बाहेर थांबल्या. पावणेचारला फोन वाजला.

"ताई, इथे एक पूल आहे," चेअरमनचा आवाज.

"माहीत आहे."

"आपली गाडी जरा... मेहुणा फोन उचलत नाहीये. मागे गाड्यांची ही रांग लागलीय. काय करायचं?"

"टीव्ही बघा," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात समोर कपाटवाले गृहस्थ उभे दिसले, शेंगदाणे खात.

"तुम्ही इथे कसे? तुमचं नाव दुसऱ्या बसमध्ये होतं."

"अहो, त्या कॅप्टनच्या आजी. निघताना म्हणाल्या, गुडघे दुखतात, मऊ सीट मिळाली तर बरं. मी म्हटलं, घ्या माझी. मला काय, इथे खिडकी मिळाली."

बाईंनी आजींचं नाव मुद्दाम साध्या बसमध्ये घातलं होतं. संघाच्या कॅप्टनला आईबाप नव्हते. आजीनेच शिवणकाम करून तिला वाढवलं होतं. पोरीचे पहिले बूट आणायला आजी दोन दुकानं सोडून तिसऱ्यात घासाघीस करत उभी होती, ते बाईंनी स्वतः पाहिलं होतं. त्या उंच बसमध्ये हे एकच माणूस असं होतं, की जे खरोखर सामना बघायला निघालं होतं.

त्यांनी साध्या बसच्या ड्रायव्हरला हाक मारली. "गाडी वळव. पुलापर्यंत चल. या बाजूला उभी कर."

पुलापलीकडे हॉर्नचा कल्लोळ होता. उंच बस पुलाच्या तोंडाशी गपगार उभी. आत सत्तेचाळीस माणसं मऊ सीटवर बसून विनोदी मालिका पाहत होती. उतरावं, असं एकालाही सुचलं नव्हतं. चेअरमन फूटपाथवर उभे राहून पुलाकडे असं बघत होते, जसा काही तो सभेला न विचारता बांधला होता.

"आता हो कसं?" ते म्हणाले.

"बस जात नसली तरी माणसं जातात पुलाखालून, चेअरमनसाहेब. कोणी अडवलं होतं?"

मग त्या बसमध्ये चढल्या, टीव्ही बंद केला आणि फलाटावरच्या आवाजात ओरडल्या, "उतरा! पलीकडे दुसरी बस उभी आहे. चालत जायचं, फक्त शंभर पावलं!"

शंभर पावलं म्हटल्यावर कुरकुर सुरू झाली. बाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्यांनी आजींचा हात धरला. आजी सावकाश चालत होत्या, दर दहा पावलांवर थांबत. बाकीचे त्यांना ओलांडून धावत पुढे गेले, चांगल्या सीट पकडायला.

पुलाखालच्या अंधारात आजींनी विचारलं, "तुला ठाऊक होतं ना गं, ही बस अडणार?"

"मी सांगितलं होतं सगळ्यांना."

"ते ऐकलं मी. मी तुझं विचारतेय."

"होतं," बाई म्हणाल्या.

आजी पुन्हा चालायला लागल्या. बाईंच्या हातावरची त्यांची पकड सैल झाली नाही. गुडघ्यांमुळे सोडता येत नव्हती, एवढंच.

त्या आत पोहोचल्या तेव्हा अर्धा सामना संपला होता. कॅप्टन पोरगी चेंडू हातात आला की आधी प्रेक्षकांच्या बाकांकडे बघत होती. आजी दिसल्यावर तिचं बघणं थांबलं. शेवटच्या पंधरा मिनिटांत तिने एकटीने चौदा गुण केले. तरी संघ तीन गुणांनी हरला. सुरुवातीला झालेली पिछाडी भरून निघाली नाही. डिस्पॅचबाईंनी फलकाकडे पाहिलं आणि ते तीन गुण पॅडवर लिहून घेतले.

पुढच्या आठवड्यात आभाराची सभा झाली. चेअरमन म्हणाले, की संकटाच्या वेळी आपण प्रसंगावधान राखून पर्यायी व्यवस्था केली. मेहुण्याला पुष्पगुच्छ मिळाला. मुलींपैकी कोणालाच बोलावलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "आणि आमच्या डिस्पॅचताईंनीही मोलाचं सहकार्य केलं. दोन शब्द बोला, ताई."

बाई उभ्या राहिल्या. "बस अडणार, हे मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आदल्या रात्री दुसरी बस मिळत होती. मी घेतली नाही. तुम्हाला मुद्दाम त्या बसमध्ये बसवलं, निवडून निवडून. तुमची खोड मोडावी म्हणून."

मग चेअरमन खो खो हसले आणि त्यांच्यामागे सगळं सभागृह हसलं. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. "ताईंचा विनोद म्हणजे!" मळमळवाली डोळे पुसत म्हणाली.

बाईंनी आजींना शोधलं. त्या दाराजवळच्या खुर्चीवर होत्या. त्या हसत नव्हत्या, रागावलेल्याही दिसत नव्हत्या. त्या नुसत्या बाईंकडे बघत होत्या, माप घ्यावं तसं.

घरी नवऱ्याने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं. हसले सगळे."

"आणि आजी?"

बाईंनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाल्या, "उद्या जाऊन येते त्यांच्याकडे. त्या गुडघ्यांनी बाजारात जाणं होत नसेल त्यांचं."