'पानी' म्हणणारी सून

लग्न होऊन पुण्यात आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी मला पाहुण्यांसमोर टोकलं. "पानी नाही गं, पाणी. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत नाहीत वाटतं?" त्या निवृत्त मुख्याध्यापिका. पाहुणे हसले. नवराही हसला. पुढे त्या घरात मी प्रत्येक शब्द आधी मनात घोळवून मगच बोलायचे. बऱ्याचदा बोलायचेच नाही.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही नेदरलँड्समधल्या हूफडॉर्पला आलो. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी डच शिकले आणि कॉलेजात 'शिक्षण आणि समाज' या विषयाला प्रवेश घेतला. एका तासाला शिक्षिका म्हणाली, शाळा जिला शुद्ध भाषा म्हणते ती बहुतेक वेळा वरच्या घरांची भाषा असते. माझे कान तापले. इतकी वर्षं मी उगाच मान खाली घातली होती!

पुढे निबंध लिहायचा होता: एखादं कुटुंब आपली प्रतिष्ठा पुढच्या पिढीला कशी देतं. मी माझं सासर निवडलं. नावं घातली नाहीत, बाकी काही सोडलं नाही.

उन्हाळ्यात सासू-सासरे आमच्याकडे राहायला आले. एका दुपारी जेवताना मुलगी म्हणाली, "आजी, पानी दे ना." डच शाळेत वळलेल्या तिच्या जिभेला 'ण' जमतच नाही. सासूबाईंनी तिचा गालगुच्चा घेतला. "अगं बाई, किती गोड बोलते!"

मी हातातला घास खाली ठेवला. "आई, माझा कॉलेजातला निबंध ऐकवू?"

"ऐकव की," त्या कौतुकानं म्हणाल्या.

लॅपटॉप आणून डचमधलं एकेक वाक्य मी मराठीत सांगत गेले. दिवाणखाना, पाहुणे, त्यांचे शब्द, हसणारा नवरा. मुद्दाम 'आनि' म्हणत, 'पानी' म्हणत. सासरे ताटाकडे बघत राहिले.

"पुरे आता," नवरा म्हणाला.

"थांब, शेवट राहिलाय." मी सासूबाईंकडे बघून निबंधात नसलेलं वाक्य जोडलं, "तीच चूक नातीनं केली तर लाडाची, गावाकडच्या सुनेनं केली तर अडाणीपणाची."

त्यांचा चेहरा उतरला. "तुझ्या भल्यासाठीच सांगत होते गं मी."

"तेपन लिहिलंय."

त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. मागोमाग नवरा गेला आणि परत येऊन हळूच म्हणाला, "रडतेय आई. जाऊन सॉरी म्हण."

"नाही म्हणणार."

आता तरी मला वाईट वाटेल म्हणून मी थोडा वेळ वाट पाहिली. वाटलं नाही. भूक मात्र सपाटून लागली होती. मी पुन्हा भात वाढून घेतला.