मेनेगाच्या बाळाची जागा

व्हेनिसच्या कालव्यावर आम्ही दोघी एकाच पायरीवर कपडे धुवायचो, मी आणि मेनेगा. तिचा नवरा गलबतावर गेला तो परतलाच नाही. त्याच वर्षी तिला मुलगी झाली, ती निपचित. श्वासच नव्हता, म्हणून सुईणीला बाप्तिस्मा देता आला नाही. अशी बाळं लिंबोत जातात, जमिनीच्या पोटात, नरकाच्या वरच्या अंगाला. तिथं आग नसते, पण देव दिसत नाही आणि आईही नाही, कधीच. हे आम्हांला लहानपणापासून शिकवलेलं.

पुढे मेनेगानं वरची खोली फ्लामिन्यो मास्तरांना भाड्यानं दिली. मठ सोडून आलेला माणूस, सरदारांच्या मुलांना शिकवायचा. जेवताना मेनेगालाही तेच सांगायचा: प्रत्येक तारा म्हणजे सूर्य, त्याच्याभोवती आपल्यासारख्या पृथ्व्या, आणि त्यांना अंत नाही.

"मग खाली काय आहे, मास्तर?"

"खाली असं काही नसतंच, बाई. वरही नाही."

"आणि लिंबो?"

"त्याला जागा कुठाय? तुझी पोर देवाच्या बाहेर जाऊन जाऊन जाईल कुठं?"

दुसऱ्या दिवशी मेनेगा धुता धुता गात होती. मी म्हटलं, "काय गं, नवरा सापडला की काय?"

"पोर सापडली," ती म्हणाली.

ईस्टर जवळ आला. त्याआधी पापांची कबुली द्यायची आणि ख्रिस्तप्रसाद घ्यायचा, हे कुणालाच चुकत नाही. मेनेगानं सगळी पापं सांगितली आणि शेवटी ही गोष्टही सांगितली. पाप म्हणून नव्हे. फादरना ऐकून बरं वाटेल म्हणून.

जाळीपलीकडून फादर म्हणाले, "कबुलीतलं मला बाहेर बोलता येत नाही. तुला येतं. धर्मन्यायालयात जा, त्याचं नाव सांग, मग ये. तोवर क्षमा नाही."

"क्षमेशिवाय मेले तर मी नरकात आणि पोर कुठंतरी वर," ती रडत मला म्हणाली. "मग भेट कशी व्हायची गं?"

तिनं मास्तरांना पळून जायला सांगितलं. ते हसले. "कपडे वाळत घाल, बाई. धोबिणीच्या शब्दावर कोण मला धरतंय?"

तिनं जाऊन नाव सांगितलं, आणि त्यांना धरलं. नंतर रोमला नेलं. पुढं काय झालं ते आम्हांला कुणी सांगितलं नाही.

तेवढ्यावर भागलं नाही. तिनंही ते खरं मानलं होतं ना! धर्मन्यायालयात तिला गुडघ्यांवर बसवून म्हणायला लावलं, "माझं मूल लिंबोत आहे. ते देवाला कधीच पाहणार नाही."

"मोठ्यानं," कारकून म्हणाला.

तिनं मोठ्यानं म्हटलं. मी देवाला मानते, म्हणूनच सांगते, त्या खोलीत तिच्याशिवाय कुणीही पोटचं पोर पुरलेलं नव्हतं.

शनिवारी तिला क्षमा मिळाली. रविवारी, ईस्टरला, माझ्या शेजारी गुडघे टेकून तिनं प्रसाद घेतला, आणि गिळवेना म्हणून कितीतरी वेळ तसाच तोंडात धरून बसली.