पाऊण माझं, पूर्ण त्यांचं

ती केस आठवली की आजही मान खाली जाते. तीस वर्षं इथल्या पोलिसात काढली, शेवटची काही वर्षं फसवणूक तपासणाऱ्या पथकात सार्जंट म्हणून. कौतुकाच्या चार गोष्टी माझ्याही नावावर आहेत, त्या सांगायला लोक पुष्कळ आहेत. ही मलाच सांगितली पाहिजे.

नऊ वर्षांचा असताना मी आईवडिलांबरोबर कॉव्हेंट्रीला आलो. शाळा इथली, नोकरी इथली, मराठी फक्त घरात. तेवढ्या भांडवलावर स्टेशनात मी मराठीचा जाणकार म्हणून मिरवायचो. हे लिखाणही बायकोनं तपासून दिलंय; ती पुण्याची आहे.

टिप एका विमा कंपनीकडून आली. शहरातल्या एका खासगी डेंटल सर्जरीत, म्हणजे दातांच्या दवाखान्यात, एका पेशंटनं दाढेवर धातूची कॅप बसवून घेतली होती. क्लेम पूर्ण कॅपचा गेला होता. पुढे दाढ दुखली म्हणून ती पेशंट दुसऱ्या डेंटिस्टकडे गेली, तर तो म्हणाला, ही थ्री-क्वार्टर क्राउन आहे. म्हणजे धातू दाढेच्या माथ्यावर आणि तीन बाजूंना, गालाकडची बाजू उघडी. क्लेममध्ये दोन्हींचे कोड वेगळे, आणि पूर्ण कॅपला विमा जास्त देतो. कंपनीनं जुने क्लेम चाळले, तर त्या सर्जरीकडून थ्री-क्वार्टरचा कोड एकदाही आला नव्हता.

क्लेम भरायच्या एक मराठी बाई. पन्नाशीच्या, साताऱ्याकडच्या, कितीतरी वर्षं त्याच रिसेप्शनवर. प्रत्येक क्लेमवर त्यांचं नाव. सर्जरीचे मालक असलेले डॉक्टर वकील घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, "मी दात बघतो, कोडिंग त्या बघतात." मला ते पटलं. चांगल्या सुटातला माणूस हळू आवाजात बोलला की पोलिसालाही तो खरा वाटतो, ही आमची जुनी खोड.

बाई बोलावल्यावर स्वतःहून आल्या. वकील नको म्हणाल्या. "मी काही केलंच नाही, तर वकील कशाला?" निर्दोष माणूस नेमका इथेच फसतो, हे मला ठाऊक होतं, तरी मी त्यांना समजावलं नाही. दुभाष्याचं विचारलं तर म्हणाल्या, इंग्लिश चालेल. कॉशन, म्हणजे बोलाल ते पुरावा ठरेल ही ताकीद, वाचून झाली, टेप सुरू झाली. मग मी सर्जरीच्या झडतीत सापडलेली त्यांची वही पुढे सरकवली. त्यात बऱ्याच पेशंटच्या नावांपुढे पेननं तीन उभ्या रेघा होत्या. वही बघून त्या गडबडल्या आणि एकदम मराठीत आल्या.

"साहेब, पाऊण माझं आहे. पूर्ण त्यांचं. मी पाऊणच घालत होते."

"म्हणजे चारातले तीन भाग?"

"हो, तीनच. चौथा नसतोच ना त्यात."

नियम असा की अशा वेळी मुलाखत थांबवायची आणि दुभाषी बोलवायचा. मी थांबवली नाही. मराठी मला येत होतं ना. मला पाऊण माहीत होतं ते घड्याळातलं, आणि हिशेबातलं म्हणाल तर हिस्सा एवढंच डोक्यात आलं. संध्याकाळी सारांशात लिहिलं: लुटीतला तीन चतुर्थांश वाटा आपला असल्याची कबुली. साहेबांनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी सर्जरीनं बाईंना घरी बसवलं. बातमी आपल्या लोकांत पसरायला किती वेळ लागतो? मंडळाच्या गणपतीचा प्रसाद वर्षानुवर्षं त्या करायच्या. त्या वर्षी त्यांना कुणी फोनही केला नाही.

सरकारी वकिलांना टेपचं अधिकृत भाषांतर लागतं. ते काम लंडनजवळच्या पिनरमधल्या एका निवृत्त मराठी शिक्षिकेकडे गेलं, सोबत वहीच्या पानांच्या प्रती. आठवड्यानं त्यांचा फोन आला.

"सार्जंट, या बाई पाऊण म्हणतात ते कशाचं?"

"पैशाचं," मी म्हणालो.

"अहो, पैसा हा शब्द त्यांच्या तोंडात एकदाही नाही. त्या कॅपचं सांगतायत. पाऊण कॅपचा कोड त्या घालत होत्या, पूर्ण कॅपचा डॉक्टर. आणि त्या तीन रेघा नीट बघा. दोन जवळ आहेत, एक जरा सुटी. जुन्या हिशेबाच्या पद्धतीत पाऊण असंच लिहितात. घरी दुकान असणार त्यांच्या."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती वही आमच्याच कपाटात पडून होती. दात बनवणाऱ्या लॅबच्या चिठ्ठ्या मागवल्या. ज्या नावापुढे तीन रेघा, त्याची चिठ्ठी थ्री-क्वार्टरची, एकही अपवाद नाही. कॉम्प्युटरच्या नोंदी तपासल्या. बाई बरोबर कोड भरून घरी जायच्या, मग डॉक्टर आपल्या पासवर्डनं तो बदलायचे, आणि क्लेमवर नाव मात्र बाईंचंच राहायचं. डॉक्टरला शिक्षा झाली.

मी बाईंच्या घरी माफी मागायला गेलो. त्यांनी चहा केला, समोर बसल्या.

"शब्द कळला नाही, त्याचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "मलाही इथले कितीतरी शब्द कळत नाहीत. मी विचारते. तुम्ही विचारलं नाहीत." मग म्हणाल्या, "एक कराल? मंडळात येऊन चार लोकांसमोर सांगा, हिनं काही केलं नव्हतं म्हणून."

मी म्हणालो, खात्याच्या नियमात बसत नाही. खरं सांगतो, मी वरिष्ठांना विचारलंसुद्धा नव्हतं. आपल्याच माणसांसमोर उभं राहून माझं मराठी कमी पडलं म्हणायची मला लाज वाटत होती.

न येणाऱ्या भाषेत माणूस चार वेळा विचारून खात्री करतो. अर्धवट येणाऱ्या भाषेत तो विचारत नाही, आणि त्याचे भोग दुसऱ्याला भोगावे लागतात. एवढं मी या केसमधून शिकलो, तेही त्या बाईंच्या जिवावर.

आता निवृत्त आहे, आड यायला नियमही उरला नाही. पण अशा आठवणींत कुणाचं नाव द्यायचं नसतं, म्हणून इथेही त्यांचं नाव नाही, म्हणजे या लिहिण्याचा त्यांना काडीचा उपयोग नाही. त्या अजून मंडळात येत नाहीत. मी दर वर्षी जातो, आणि लोक मला पुढच्या रांगेत बसवतात.