वॉर्डातला बाण

आमचे भावजी, म्हणजे ताईचे मिस्टर, दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कॅन्सरच्या औषधांनी त्यांची बोटं बधिर झाली होती, तरी वॉर्डाच्या भिंतीवर ‘हसत लढा, जिंकालच!’ असं रंगवायचं काम हॉस्पिटलच्या समितीच्या बाईंनी त्यांच्याच गळ्यात मारलं. पेशंटने रंगवलं की फोटो छान येतो म्हणे! स्वतःला साधी सर्दी झाली तरी घर डोक्यावर घेणारी बाई ही.

ब्रश दोनदा हातातून निसटला. अक्षरं वाकडीतिकडी आली.

“अहो, अक्षरांत जरा उत्साह दिसू दे की!” बाई म्हणाल्या.

“शेजारच्या खाटेवरचे मास्तर काल गेले,” भावजी म्हणाले. “ते काय हसायला कमी पडले?”

बाईंनी फोटो उरकला आणि काढता पाय घेतला. उरलेल्या रंगात भावजींनी बेसिनच्या दिशेने वाकडा का होईना, पण हातभर लांब बाण काढला. वर लिहिलं, ‘उलटी इकडे’.

पुढे भावजी गेले. समितीने ते वाक्य झोकदार अक्षरांत नव्याने रंगवून घेतलं आणि भिंतीची शोभा जाते म्हणून बाणावर चुना फासला. दुसऱ्याच दिवशी कुणा पेशंटने तो बाण पेनाने पुन्हा काढला. चुना वाक्यावर फासला असता, तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.