जोडीतला आडवा ट्रान्झिस्टर

माझ्याकडनं एकदा लई मोठा मूर्खपणा झाला. मी हसले. सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. जणू बक्षीसच मिळणार होतं बयेला.

उस्मानपुऱ्यातलं ऑफिस. चिपचे नकाशे काढायचं काम. इवल्याशा सिलिकॉनवर कोणता ट्रान्झिस्टर कुठं अन् कोणत्या दिशेला तोंड करून बसवायचा, ते आम्ही स्क्रीनवर आखायचो. त्यातले काही जोडीनं असतात. दोघांतनं अगदी सारखा करंट जायला पाहिजे. मग माप एक, दिशा एक, आजूबाजूचे शेजारीसुद्धा सारखे. एकाला नुसता आडवा केला तरी तो वेगळा वागतो. हे मला ऑफिसातल्या आमच्या सरांनीच शिकवलं.

मी आणि सीमा एकाच पॉलिटेक्निकच्या. मार्क सारखे, नोकरीला लागलो तेही एकाच दिवशी. तिला सर "अहो सीमाताई" म्हणायचे, खिडकीपाशी आपल्या शेजारी बसवायचे. मला नुसतं "ए". माझी खुर्ची संडासाच्या दाराला लागून. मी म्हणायचे, बरं झालं, जवळ पडतं. अशी आमची अक्कल!

एका चिपमध्ये जागा पुरेना. सर म्हणाले, "त्या जोडीतला एक आडवा कर."

"सर, जोडी बिघडेल ना?"

"जागा वाचव. शहाणपणा नंतर."

केला आडवा. सीमा ऐकत होती.

चिप बनून आली. बिघडलेली. सरांनी सगळं ऑफिस गोळा केलं, स्क्रीनवर तो आडवा ट्रान्झिस्टर दाखवला अन् माझ्याकडं बोट केलं. "कोट्यातनं आलेल्यांचं हे असं. हात चालतो, डोकं नाही. रक्तातच नसतं, त्याला कोण काय करणार?"

ज्या तोंडानं दिशा अन् शेजार शिकवला, त्याच तोंडानं रक्त काढलं.

अन् मी हसले. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली. गारखेड्यातल्या दोन खोल्यांची चूल माझ्या पगारावर. नाही हसले तर काढतील, एवढंच डोक्यात. दुपारी डबा उघडला, तसाच मिटला. पोरीला कोणत्या तोंडानं शिक म्हणणार होते मी?

मग गिऱ्हाइकाचा फोन. सरांनी स्पीकर लावला. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्हण, चूक माझी."

मी म्हणाले, "आडवा करायला सरांनी सांगितलं. जोडी बिघडेल, असं मी म्हणाले होते. सीमाला विचारा."

सीमा स्क्रीनकडं बघत राहिली.

संध्याकाळपर्यंत नोकरी गेली. पुढं गुलमंडीत साड्यांच्या दुकानात उभी राहिले, घड्या घातल्या. ट्रान्झिस्टर पुन्हा हाताला लागला नाय. कोणी शाबासकीही दिली नाय.

आता आजी झाले. नातवंडांना खोड्या शिकवते, दिवसभर खिदळते. पण त्या एका विनोदाला हसत नाय. लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगात, कुठंही कुणी 'कोट्यातले' म्हणून दात काढले, की मी उठते. सगळ्यांदेखत विचारते, "कोण? मी?" उत्तर येईपर्यंत बसत नाय. मरेस्तोवर बसणार नाय.

कारण त्या संध्याकाळी पार्किंगमध्ये सीमा स्कूटीच्या चावीशी चाळा करत माझ्यापाशी आली होती. खरंच वाईट वाटलेलं तिला. म्हणाली,

"अगं, पण सकाळी तूच तर हसलीस. आम्हाला वाटलं, तुला चालतं."