यंदा मुराळी नाही

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी माझी पिशवी भरून तयार असते. लग्नाला चोवीस वर्षं झाली, यात खंड नाही. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावाहून धाकटा भाऊ मोटारसायकलवर धुळ्याला येतो, उभ्या उभ्या चहा पितो आणि मला मागे बसवून माहेरी नेतो. लेकीला असं घ्यायला येणारा तो मुराळी. माझ्याकडे स्वतःची स्कूटी आहे, एसटीही आहे, पण आखाजीला कुणी न्यायला न येता आपली आपण गेलेली बाई मी तरी पाहिलेली नाही. यंदा तो येणार नाही हे मला मार्चपासून कळत होतं. तरी पिशवी भरली. वेडीच आहे मी!

मी शाळेत मराठी शिकवते. यंदा दहावीच्या परीक्षेला गावाकडच्या एका केंद्रावर पर्यवेक्षक म्हणून माझी ड्यूटी लागली. पहिल्याच दिवशी केंद्रसंचालकांनी एक छापील कागद पुढे सरकवला. या केंद्रावर माझे कोणीही नातेवाईक परीक्षेला बसलेले नाहीत, असं लिहून द्यायचं होतं. भावाची मुलगी त्याच केंद्रावर दहावीला बसली होती. मी जरा थांबले.

"बाई, तुमचा मुलगा-मुलगी नाही ना? मग करा सही. घंटा होतेय."

केली सही. ती माहेरची, आडनाव वेगळं, कोण विचारतंय, असं मनाशी म्हटलं. उठता-बसता माहेर माहेर करणारी मी! त्या घटकेला मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या पेपरला माझ्या वर्गात एका मुलीजवळ चिठ्ठी सापडली. ती रडली, पाया पडायला वाकली. मी ताठ उभी. "नियम म्हणजे नियम," असं म्हणून तिचा अहवाल लिहून दिला. मला माझा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू?

विज्ञानाच्या दिवशी मला पुन्हा तोच वर्ग आला. आज बैठक बदललेली, भाची पण त्यातच, खिडकीकडच्या बाकावर. मला बघून गालात हसली. अर्ध्या तासाने तिच्या कंपासपेटीतून घडी घातलेला कागद बाहेर आला. तिने लपवलासुद्धा नाही. आत्या आहे ना वर्गात, मग भीती कसली? मी जवळ गेले. कागद गुपचूप मुठीत घ्यायचा आणि पुढे जायचं, एवढंच करायचं होतं. हात पुढे केलाही होता. पण मागच्या बाकावर चिठ्ठीवाली ती मुलगी, अहवाल गेला तरी पुढचे पेपर देता येतात म्हणून बसलेली, पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

मी अहवाल लिहिला. बारशाला भाचीच्या कानात जे नाव मी सांगितलं होतं, तेच माझ्या हाताने त्या कागदावर पूर्ण लिहिलं. लिहिताना अक्षर जरासुद्धा हललं नाही, याचीच मला आता चीड येते.

संध्याकाळी भाऊ केंद्रावर धावत गेला. "अहो साहेब, पकडणारी माझी सख्खी बहीण आहे, घरातल्या घरात मिटवून टाका," असं काकुळतीला येऊन म्हणाला. त्याला वाटलं, नातं सांगितलं की काम होईल. आमच्याकडे सगळी कामं तशीच होतात. साहेबांनी माझा सही केलेला कागद काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्याने तो वाचला.

पोरीचा निकाल आता लागणार नाही. घरात तिच्या स्थळांची बोलणी सुरू झाली, हे गावातल्या एका बाईकडून कळलं. मला शाळेतून नोटीस आली: नातं का लपवलं, खुलासा करा. सहकारी तोंडावर "बाई म्हणजे बाई" म्हणतात आणि पाठीमागे, हिने स्वतःच्या घरच्या पोरीला सोडलं नाही, म्हणून हळहळतात. मी खुलासा दिला. विद्यार्थिनी माझ्या सख्ख्या भावाची मुलगी असून मी तिची आत्या आहे, असं स्वच्छ लिहिलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी न राहवून मीच भावाला फोन लावला. मागे पोरींचा गलका ऐकू येत होता, दारच्या निंबाला आखाजीचा झोका बांधला असावा. "कधी येतोस रे?" मी विचारलं. नेहमीसारखं.

 तो आवाज न चढवता म्हणाला, "अक्का, तूच लिखी दिधं ना, आठे मना कोनी नातेवाईक नई शे म्हनीसन. मंग मी कोनले लेवाले येऊ?"

न्यायला तरी कुणाला येणार तो? इथे माझे कोणी नातेवाईक नाहीत, याखालची सही माझीच होती.

पिशवीत सगळ्यात वर पोरीसाठी घेतलेला ड्रेस होता. तो काढून कपाटात ठेवला. पिशवी मात्र अजून तशीच दाराशी आहे, आणि आखाजी होऊन आज आठवा दिवस आहे.