चुनीलालभाऊंची फुकटातली साईट

कळसाडीचे चुनीलालभाऊ सोयरिकी जमवतात. त्याचा एक रुपया घेत नाहीत. त्यांना हवा असतो मान. मंगलाष्टकांआधी माईकवर मध्यस्थाचं नाव पुकारतात, त्याला टोपी घालतात, खांद्यावर टॉवेल टाकतात. त्या टॉवेलासाठी हा माणूस भर उन्हात पार खापर गावापर्यंत मोटारसायकल पिटाळतो. घरी टॉवेलांनी कपाट भरलंय, अंग पुसायला मात्र जुनं लुगडं.

गेल्या वर्षी भाऊंना स्थळांची वेबसाईट काढायची हुक्की आली. कॉम्प्युटरचं दुकान माझं, म्हणून मलाच बसवलं. मी नीट समजावलं: फुकट प्लॅनमध्ये प्रत्येक पानाच्या डोक्यावर 'झटपटघर' असं कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत राहणार. पैसे भरले की ते जाणार आणि तिथे तुमचं येणार.

"दुसरानं नाव ऱ्हायनं ते काय बिघडनं?" भाऊ म्हणाले. "फुकट भेटी ऱ्हायनं ना? मंग पैसा कसाले देवाना!"

आणि हेच भाऊ, पत्रिकेत आपलं नाव खाली छापलं म्हणून एका व्याह्याशी वर्षभर अबोला धरून होते! मी कपाळाला हात लावला आणि फुकटातली साईट करून दिली.

साईट चालली. शहाद्याच्या रतिलाल पाटलांनी मुलासाठी तिच्यावरच मुलगी पाहिली. पुढची पायपीट भाऊंची. देण्याघेण्याची बोलणी त्यांनी केली, मुलीचा मामा रुसला तर त्याला गाडीवर बसवून आणलं. रतिलाल मात्र गावभर सांगत फिरले की स्थळ मोबाईलवर मिळालं.

लग्नाच्या दिवशी भाऊ पहिल्या रांगेत कडक इस्त्रीत बसले होते. माईक खरखरला तसे ते अर्धे उठलेसुद्धा.

"ही सोयरीक जमवणारे मध्यस्थ, झटपटघर कंपनी! कंपनीच्या प्रतिनिधींनी सत्कारासाठी स्टेजवर यावं!"

भाऊ होते तसेच खाली बसले. नाव पुकारल्याशिवाय टॉवेलाला हात लावायचा नाही, ही रीत त्यांनीच आयुष्यभर पाळलेली. कोणी येईना. शेवटी व्हिडिओ शूटिंगवाल्याजवळ लॅपटॉप दिसला. लॅपटॉप म्हणजे कंपनी! त्यालाच ढकलत स्टेजवर नेलं. तो बिचारा लाजत टोपी घालून उभा राहिला.

मी तणतणत रतिलालांना गाठलं. "अहो, तुमचे मध्यस्थ हे इथे बसलेत!"

"भाऊसना आम्हनावर उपकार शेतच," ते म्हणाले. "पन साईटवर नाव ते कंपनीनंच लिखेल शे ना?"

मंडप टाळ्या वाजवत होता, म्हणून भाऊंनीही वाजवल्या. मग न जेवता उठले. मी मागोमाग गाडीपर्यंत गेलो. त्यांनी खिशातून पैसे काढून माझ्या हातात कोंबले. मला फार वाईट वाटलं.

"आते साईटना पैसा भरी टाक," ते म्हणाले. "पैसा भरात ते मन्हं नाव आज पुकारतीन का?"